ज्योतिषाच्या कपाटात सापडलेलं विश्व

गेल्या आठवड्यात शेजारची सातवीतली मुलगी घरी आली. "काका, विश्वाबद्दल सोपं पुस्तक हवंय. मराठीत असतं का असलं काही?" तिला घेऊन वाचनालयात गेलो. ग्रंथपाल सज्जन माणूस, पण त्यांनी बोट दाखवलं ते 'ज्योतिष' लिहिलेल्या कपाटाकडे. राशिभविष्य, हस्तसामुद्रिक, वास्तुशास्त्र, आणि मागच्या रांगेत दबलेलं जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. आत शेवटचा शिक्का बारा वर्षांपूर्वीचा.

चीड आली. पण घरी येताना आठवलं, ज्योतिष हा शब्द मुळात ताऱ्यांचाच. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८). पदवी नाही, पेशा शाळामास्तराचा. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. भविष्य बघायला म्हणून उघडाल तर फसाल, कारण तो मुख्यतः ग्रहगणिताचा आणि पंचांगाचा इतिहास आहे. ते पंडितांचं काम झालं. पण याच माणसाने त्याआधी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, आणि त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. बघा, मौज! दोन घटका म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. जेवणं झाल्यावर अंगणात उभं राहून वर बघायचं, एवढीच तयारी वाचकाकडून अपेक्षित. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे झालं, त्या भाषेतल्या मुलीला आज विचारावं लागतं की असलं काही असतं का.

मधल्या काळातही काम थांबलं नव्हतं. पुण्यात १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद निघाली. तिच्याच कथास्पर्धेत नारळीकरांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने गोष्ट पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! विषय कृष्णविवर. नाव बघून नव्हे, गोष्ट वाचून बक्षीस मिळालं.

तर नवख्याने काय वाचावं? माझं मत सांगतो, पटलं नाही तर खाली भांडा. हॉकिंगच्या १९८८ च्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. त्यात समीकरण एकच आहे म्हणून ते सोपं, असं नाही. अनेक घरांत ते शोकेसमध्येच राहिलंय. आधी मोहन आपटे यांची 'मला उत्तर हवंय' ही प्रश्नोत्तरांची पुस्तकं. कुठलंही पान उघडा, चालतं. मग 'आकाशाशी जडले नाते'. फक्त एक लक्षात ठेवा, महास्फोटाचा सिद्धांत नारळीकरांना शेवटपर्यंत पटला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ तो मानतात. मुलांना हे आधीच सांगा, वाचायला जास्त मजा येते.

ते पुस्तक त्या मुलीने नेलंय. पाठ मी डिंकाने चिकटवून दिली. आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीला अर्ज दिलाय, खगोलासाठी वेगळा कप्पा करा, एक फळी पुरे. पुढच्या रविवारी बैठक आहे. गावातले जे सभासद हे वाचतायत त्यांनी सकाळी दहाला यावं, आणि घरी असली पुस्तकं पडून असतील तर पिशवीत घालून आणावीत.