आधी खेळणं, मग विमान

मागच्या रविवारी निगडी प्राधिकरणात एका मित्राकडे आम्ही पाच जण जमिनीवर मांडी ठोकून बसलो होतो. सगळे पस्तिशी ओलांडलेले, हापिसात लीड नाहीतर मॅनेजर, आणि प्रत्येकाच्या बायकोचं मत एकच, की यांना काही उद्योग नाहीत. समोर चादरीवर लेगोचे 1197 तुकडे पसरलेले. खरं सांगायचं तर 1196. घोळ तिथेच होता.

तो सेट म्हणजे 10177, बोईंग 787 ड्रीमलायनर, 2006 सालचा. हौशी जमातीला नुसता नंबर पुरतो, बाकीच्यांसाठी सांगतो: लेगोच्या जुन्या जेट विमानांमधला हा एक मानाचा सेट. कधीच बंद झालेला, त्यामुळे जो काही मिळतो तो कुणाच्या तरी माळ्यावरून. मित्राने तो तेव्हा ऑनसाइटला असताना घेतला आणि कपड्यांच्या बॅगेतून घरी आणला. इतकी वर्षं दिवाणखान्यात होता. मध्यंतरी खोलून डब्यात ठेवला (का, ते पुढे येईलच), आणि आता पुन्हा जोडायला घेतला तर एक चपटा पांढरा तुकडा गायब.

मग चर्चेला ऊत आला. एक म्हणाला, नव्या सेटमधला तसाच तुकडा लाव, कुणाला कळणार आहे? दुसरा म्हणाला, रंगावरून कळेल, जुना पांढरा उन्हाने पिवळट पडलाय. तिसऱ्याचं म्हणणं, बदललास तर सेट 'मूळ' राहिला नाही, आणि कधी विकलास तर ते सांगावं लागेल. चौथ्याने लक्ष्मी रोडवरून आणलेल्या एका नकली डब्यातला तुकडा पुढे केला. तेवढ्यात मित्राचे मामा चहा घेऊन आले. मामांची सगळी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली. त्यांनी तीनही तुकडे, म्हणजे जुना, नवा आणि नकली, हातात घेऊन एकमेकांवर बसवून पाहिले आणि नकली बाजूला ठेवला.

"हा बसतोय, पण धरत नाही," म्हणाले.

या एका वाक्यावर अख्खा लेख लिहिता येईल असं वाटलं, म्हणून हा वीकांत त्यात घालवला.

आधी 'धरण्या'ची गोष्ट. लेगोच्या विटेवरची बटणं आणि आतली नळी या रचनेचं पेटंट डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 ला दाखल झालं. एकात एक बसणारी प्लॅस्टिकची वीट ही कल्पना मात्र त्याआधीची. हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाच्या किडीक्राफ्ट कंपनीच्या विटा 1947 पासून बाजारात होत्या आणि लेगोने 1949 मध्ये आपल्या विटा काढल्या त्या त्यांच्यावरूनच. पण त्या नुसत्या बसायच्या, धरायच्या नाहीत. आतली नळी आली आणि पकड आली. 1963 पासून एबीएस हे प्लॅस्टिक वापरात आलं, आणि माप टिकायला लागलं. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर. 1958 मध्येही तेवढंच, आजही तेवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर साठ-पासष्ट वर्षं इंटरफेस बदललेला नाही. आपण तीन वर्षांत एपीआयच्या चार आवृत्त्या काढतो आणि जुन्या वापरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडतो, तेव्हा हे आठवावं :-)

हे साधतं साच्यामुळे. लेगोच्या साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असते. साचा एवढा नेमका नसेल तर वीट एकतर सैल बसते नाहीतर मुलाला निघतच नाही. पेटंटची मुदत संपल्यावर नक्कल करायला कुणालाच बंदी उरली नाही. 2010 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानेही विटेचा आकार हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल दिला. म्हणजे आकार सगळ्यांचा. साचा मात्र ज्याचा त्याला बनवावा लागतो, आणि मामांच्या हाताला कळलं ते हेच.

आता विमानाकडे येऊ. आम्ही तुकडे मोजत असताना मामांनी विचारलं, "हे विमान आलं कधी?" मी म्हटलं, "खेळणं 2006. खरं विमान कारखान्याबाहेर आलं 2007 मध्ये, उडालं 2009 मध्ये." मामा हसले. "म्हणजे आधी मॉडेल, मग जॉब!"

बोईंगने 787 चा प्रकल्प एप्रिल 2004 मध्ये सुरू केला, जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या 50 विमानांच्या ऑर्डरवर. वजनाने जवळपास अर्धं विमान कार्बन फायबरच्या कंपोझिटचं. पण त्याहून मोठा बदल बांधणीच्या पद्धतीत होता. पंख जपानमध्ये मित्सुबिशी बनवणार, धडाचे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या कंपन्या बनवणार, कॉकपिटसकट नाक कॅन्ससमधल्या विचिटात. मुद्दाम फुगवून घेतलेल्या 747 विमानांमधून हे तयार भाग सिएटलजवळच्या एव्हरेटला आणायचे आणि तिथे पटापट जोडायचे. थोडक्यात काय, तर लेगो!

8 जुलै 2007 ला, म्हणजे अमेरिकन पद्धतीने लिहिली तर 7/8/7 ही तारीख गाठून, हजारो लोकांसमोर विमान बाहेर आणलं. दिसायला देखणं, आतून जवळजवळ रिकामं. विमानासाठी लागणाऱ्या खास फास्टनर्सचा जगभर तुटवडा होता, म्हणून अनेक ठिकाणी तात्पुरते फास्टनर लावून ते उभं केलं होतं. नंतर ते काढून खरे लावायचे, तर कुठे काय तात्पुरतं आहे याची कागदपत्रं धड नाहीत. आमच्या मित्राच्या शोकेसमधलं 787 त्या दिवशीच्या खऱ्या 787 पेक्षा जास्त पूर्ण होतं, हे विनोद म्हणून सांगत नाहीये.

त्याच सुमाराला विचिटाहून आलेलं नाक आणि त्यामागचा धडाचा भाग जोडताना एका बाजूला सुमारे 0.3 इंचाची फट निघाली. मामांच्या भाषेत दोन सुतांहून जास्त. मिलिमीटरमध्ये ती साडेसातच्या पुढे जाते, म्हणजे लेगोच्या दोन बटणांमधल्या अंतराच्या जवळपास! दोन्ही भाग आपापल्या कारखान्यात पास झालेले. जागेवर आणून जोडले तेव्हा कळलं. ज्याने कुणी दोन टीमचं काम शेवटच्या आठवड्यात इंटिग्रेट केलंय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. (सप्टेंबर 2007 मध्ये पहिलं उड्डाण लांबलं तेव्हा दिलेल्या कारणांत फ्लाइट कंट्रोलचं सॉफ्टवेअरही होतं. आपलीही हजेरी लागलीच.)

पहिलं उड्डाण अखेर 15 डिसेंबर 2009 ला झालं, प्रवासी घेऊन पहिली फेरी 26 ऑक्टोबर 2011 ला, आणि एअर इंडियाला पहिलं 787 मिळालं सप्टेंबर 2012 मध्ये. पुढे 2020 मध्ये धडाच्या जोडांमधल्या फटींचा प्रश्न पुन्हा वर आला. आता मर्यादा होती 0.005 इंच, जुने फिटर ज्याला 'पाच थाऊ' म्हणतात ती. कागदाच्या जाडीएवढी फट. त्यापायी 2021 मध्ये नव्या विमानांचा पुरवठा थांबला आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला.

इथवरची गोष्ट ऐकून मामा म्हणाले, "अरे, मग यात आपल्या चिंचवडचं पण काहीतरी होतं ना?" आम्ही पाचही जण गप्प. लेगोच्या सेटमध्ये कुठल्या रंगाचे किती तुकडे हे आम्हाला पाठ, पण हे माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. होतं!

टेल्कोचा पुण्याचा कारखाना 1966 चा, पिंपरी आणि चिंचवड या दोन जागांवर पसरलेला. पण इथून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. मधली अकरा वर्षं काय केलं? सुमंत मूळगावकरांच्या आग्रहाने आधी हत्यारं बनवायची सोय उभी केली: टूलरूम, मशीन टूल्स, आणि ती चालवणारी शिकाऊ मुलं. आधी साचा, मग गाडी. आज भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली साचे आणि जिग-फिक्स्चर बनवणारी जी युनिटं आहेत, त्यातल्या कितीतरी मालकांचं शिक्षण अशाच टूलरूममध्ये झालंय.

मशीन टूल्सच्या या परंपरेतूनच टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्यूशन्स ही टाटा मोटर्सची उपकंपनी आली, मुख्यालय चिंचवडलाच. फेब्रुवारी 2008 मध्ये, म्हणजे ते अर्धवट विमान एव्हरेटला उभं असताना, टालने 787 च्या भागांसाठी बोईंगशी करार केला. कारखाना नागपूरला मिहानमध्ये उभारला आणि तिथून 787-9 च्या केबिनखालच्या कंपोझिटच्या तुळया, ज्यांना फ्लोअर बीम म्हणतात, हजारोंनी गेल्या. 2018 च्या सुमारास हे काम टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सकडे गेलं.

या तुळया कुणाला दिसत नाहीत. वर पट्ट्या, त्यावर गालिचा, त्यावर खुर्च्या, आणि खुर्चीत आपण सिनेमा शोधत बसलेलो. चाकण पट्ट्यातल्या कामाचं हेच आहे. गाडी नावारूपाला येते, तिच्या आतला ब्रॅकेट कुणी बनवला ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण तो ब्रॅकेट गो-नो गो गेजवर तपासून निघालेला असतो: एका टोकाने आत गेला पाहिजे, दुसऱ्या टोकाने जाता कामा नये. बस. आणि त्यावर नंबर असतो, कुठल्या लॉटमधला ते सांगणारा.

गंमत म्हणजे लेगोच्या तुकड्यावरही असतो. तुकडा उलटा करून उजेडात धरला तर आतल्या बाजूला बारीक आकडे दिसतात, साच्याचे आणि साच्यातल्या कुठल्या घरातून तो निघाला त्याचे. आम्ही जमवणारे लोक या आकड्यांवरून तुकडा जुना की नवा यावर तासभर भांडू शकतो. मामांना मात्र त्यात वेगळंच दिसलं. "म्हणजे खराब निघाला तर कुठल्या साच्याचा ते शोधता येतं," ते म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक तुकडा बघत बसले. चहा गार झाला.

आता मित्राने सेट खोलून का ठेवला होता ते. 12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 787-8 उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 लोक गेले. वरच्या फटींच्या गोष्टीशी त्या अपघाताचा संबंध मी लावत नाहीये, आणि कुणी लावूही नये. पण त्या रात्री मित्राला दिवाणखान्यातलं ते पांढरं-निळं विमान बघवेना. त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने विचारलं, "हेच का?" त्याने बसून एकेक तुकडा सुटा केला आणि डबा माळ्यावर टाकला. त्या गडबडीत एक तुकडा कुठेतरी गेला.

आता पुन्हा जोडायचं ते त्या मुलीनेच काढलं. तिला ते हवं होतं.

तर शेवटी त्या तुकड्याचं काय झालं? नवा लावला. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या काँकॉर्डच्या (10318, 2023 सालचा, 2083 तुकडे) डब्याशेजारी मित्राचे सुटे तुकडे होते, त्यातलाच एक. जुन्या दोन तुकड्यांमध्ये तो 'टक्' करून बसला आणि धरला. जवळून बघितलं तर शेजारच्यांपेक्षा अंमळ जास्त पांढरा दिसतो. सूचनांच्या पुस्तिकेत मामांनी एक चिठ्ठी ठेवायला लावली: तारीख, '1 तुकडा बदलला, पंखाच्या मुळाशी, डावीकडे'. एक जण म्हणाला, "मामा, किंमत उतरते हो अशाने." मामा म्हणाले, "उतरू दे की. पुढच्याला कळलं पाहिजे."

मुलीने चिठ्ठीखाली आपलं नाव घातलं, इन्स्पेक्टर म्हणून. असो. सोमवारी रिलीज आहे, आणि माझ्या कोडमध्ये 'तात्पुरतं' असा शेरा मारलेल्या तीन ओळी 2019 पासून तशाच आहेत. त्यांच्याकडे आता बघायलाच हवं.