करणीचा दोर

नववीतल्या मुलाला √२ आणि √८ यांची बेरीज विचारा. तो ८ चे ४ × २ असे अवयव पाडेल, ४ चं मूळ बाहेर काढून √८ म्हणजे २√२ लिहील, आणि √२ + २√२ = ३√२ म्हणून मोकळा होईल. सजातीय करणी, सहगुणकांची बेरीज, संपला विषय.

हेच उदाहरण भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात आहे. पण तिथली रीत पहिल्यांदा वाचताना माणूस चक्रावतो. भास्कराचार्य २ आणि ८ मिळवतात, येतात १०. याला ते 'महती' म्हणतात. मग २ आणि ८ चा गुणाकार १६, त्याचं मूळ ४, त्याची दुप्पट ८; हे 'लघु'. दोन्ही मिळून १८, आणि एकातून दुसरं वजा केलं की २. म्हणून बेरीज √१८, वजाबाकी √२. उत्तर चोख आहे, कारण √१८ म्हणजेच ३√२. पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

माझं म्हणणं असं, की ही रीत मुळात दोर ताणणाऱ्यांची आहे. क्षेत्रफळ २ असलेला एक चौरस घ्या, ८ क्षेत्रफळाचा दुसरा. त्यांच्या बाजू एका रेषेत जोडा आणि त्या सबंध लांबीवर नवा चौरस उभारा. त्याच्या पोटात दोन्ही जुने चौरस मावतात: २ आणि ८, मिळून १०. उरतात दोन आयत. प्रत्येकाची एक बाजू √२, दुसरी √८, म्हणजे क्षेत्रफळ ४, दोघांचं मिळून ८. महती म्हणजे चौरस, लघु म्हणजे आयत. भास्कराचार्यांनी जे अंकांत सांगितलं ते जमिनीवर आखून दाखवता येतं, आणि मला वाटतं आधी ते आखलेलंच होतं.

याचा पुरावा 'करणी' या शब्दाच्या कुळात आहे. बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्याचे नियम आहेत, आणि शुल्ब म्हणजे दोरी. चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र 'करते', म्हणून ती द्विकरणी. तिप्पट करते ती त्रिकरणी, तिसरा हिस्सा करते ती तृतीयकरणी. बौधायनांनी द्विकरणीची जी किंमत दिली ती ५७७/४०८, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर. हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मला त्याहून आवडतो आपस्तंब या दुसऱ्या शुल्बसूत्रकारांचा नियम. सोमयागाच्या महावेदीची एक बाजू ३० पावलं, समोरची २४ आणि लांबी ३६, म्हणजे क्षेत्र ९७२. सौत्रामणी यागाची वेदी हिच्या तिसऱ्या हिश्श्याची, ३२४ ची हवी. आता मापं नव्याने काढत कोण बसणार? आपस्तंब सांगतात: आकडे तेच ठेवा, फक्त पावलाच्या जागी पावलाची तृतीयकरणी धरा. म्हणजे प्रत्येक लांबीला √३ ने भागलं गेलं, क्षेत्र आपोआप एकतृतीयांश झालं. करणीचा याहून रोखठोक वापर मी पाहिलेला नाही.

शब्द स्त्रीलिंगी का, याचंही उत्तर इथेच मिळतं. संस्कृतात रज्जू स्त्रीलिंगी आहे. 'करणारी' कोण, तर ती दोरी.

आता प्रतिपक्ष. एक व्युत्पत्ती कुणालाही भुरळ पाडेल अशी आहे. इंग्रजीत करणीला सर्ड म्हणतात. तो लॅटिन शब्द अरबी 'असम'वरून बेतलेला, आणि दोन्हींचा अर्थ बहिरा. इकडे कर्ण म्हणजे कान, आणि कर्ण म्हणजे चौरसाचा कर्णही. मग करणी कर्णावरूनच आली असेल, आणि बहिरेपणाचा धागा इथूनच तिकडे गेला असेल! जुळणी झकास आहे, पण टिकत नाही. बौधायनांच्या त्या सूत्रात कर्णाच्या दोरीला 'अक्ष्णया रज्जू' म्हटलं आहे, कर्ण शब्द तिथे नाही. शिवाय त्रिकरणी, तृतीयकरणी यांचा साध्या चौरसाच्या कर्णाशी काहीच संबंध नाही. करणी आली कृ धातूवरून. बहिरेपणा अरबांचा, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. (जादूटोण्याची करणीही त्याच कृ धातूची, परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र दोन्हींत फारसा फरक वाटत नाही.)

दुसरा प्रतिपक्ष टीकाकारांचा: जिचं मूळ निःशेष निघत नाही ती करणी. व्याख्या म्हणून चालेल, कुळ म्हणून नाही. भास्कराचार्यांना ३ हा साधा अंक करणींच्या रांगेत बसवायचा असेल तर त्याचा वर्ग करून 'क ९' लिहितात. ९ चं मूळ तर सरळ निघतं! 'क'पुढे लिहिलेला आकडा हे क्षेत्र आहे, बाजू त्यातून काढायची. ६२९ साली आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा पहिला भास्कर तर करणी हा वर्गाचाच पर्यायी शब्द म्हणून देतो. बाजूचं नाव क्षेत्राला कधी चिकटलं? ठाम सांगता येत नाही. माझा अंदाज असा, की वेदी आखणारे कमी झाले, दोर हातातून सुटला आणि हिशेबात फक्त त्याने केलेलं क्षेत्र उरलं.

तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे. भास्कराचार्य लगेच दुसरी रीत देतात: ८ ला २ ने भागा, ४, मूळ २, त्यात १ मिळवून ३, वर्ग ९, गुणिले २, झाले १८. वजाबाकीला १ मिळवायच्या ऐवजी वजा करा. यात दोरीचा मागमूस नाही, ही शुद्ध हिशेबाची रीत आहे आणि आजच्या ३√२ ची सख्खी आजी. मग पहिली रीतही (अ + ब)² च्या सूत्रातूनच आली असेल, असं म्हणता येईल. म्हणा. पण त्या सूत्राची आकृतीही तीच, दोन चौरस आणि दोन आयत. वाद तिथेच येऊन थांबतो.

√ या चिन्हाचं म्हणाल तर ते १५२५ मध्ये रुडॉल्फ या गणितज्ञाच्या जर्मन पुस्तकात छापलं गेलं. ते 'मूळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षराचं विकृत रूप, हे गणितज्ञ ऑयलरचं अनुमान.

नववीच्या शिक्षकांना एक विनंती. आलेखाच्या कागदावर तीन चौकटी तिरक्या ओलांडणारी एक रेघ मारून दाखवा. पहिल्या चौकटीचा कर्ण √२, पुढच्या दोन चौकटींचा मिळून √८, सबंध रेघ √१८. बेरीज एका रेघेत दिसते. मग पोरांना √३ आणि √७ द्या. हेही भास्कराचार्यांचंच उदाहरण: गुणाकार २१, त्याचं मूळ निघत नाही, म्हणून त्या वेगळ्याच ठेवायच्या.