मोकळ्या हाताचा बाजार

डोंबिवलीत दळणाचा डबा अजून दिसतो. संध्याकाळी गिरणीपुढे डबे ओळीनं मांडलेले असतात. ज्या डब्यातून गहू येतो, त्याच डब्यातून पीठ घरी जातं. त्यासाठी कुणी कायदा केलेला नाही, दंड ठेवलेला नाही, की फलक लावलेला नाही. तरीही गिरणीवाल्याकडे कुणी पिशवी मागत नाही. मग भाजीचं, दुधाचं आणि मासळीचंच असं काय झालं? याचं उत्तर शोधायचं तर पन्नास-साठ वर्षं मागं जावं लागेल.

त्या काळी घरात पिशव्यांची जागा ठरलेली असे, दाराआडच्या खुंटीवर. एक भाजीची, एक वाण्याची. मासळी खाणाऱ्यांच्या घरी आणखी एक, तिचा इतर पिशव्यांना स्पर्श होऊ नये म्हणून लांब टांगलेली. कापड मांजरपाटाचं, नाहीतर जुन्या पँटच्या पायाचं. वाणी डाळ-साखर वर्तमानपत्राच्या पुड्यात बांधून द्यायचा. पुड्याचा दोरा घरी गुंडाळून ठेवायचा आणि कागद कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी घालायचा. गोडं तेल किटलीतून यायचं, देवाची फुलं पानाच्या पुडीतून. दूध आरेच्या काचेच्या बाटलीतून. 1949 साली गोरेगावात आरे वसाहत उभी राहिली आणि पुढे कितीतरी वर्षं पहाटे केंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची, हा मुंबई परिसरातल्या घरांचा रिवाज होता. बाटली फोडणाऱ्या मुलाला दिवसभर बोलणी खावी लागत.

हे सगळं फार रम्य होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत पावसाळ्यात निदान एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या साखरेचा पुडा चिखलात फुटायचाच. मासळीच्या पिशवीतून पाणी गळायचं. पुढे पातळ पिशवीनं लोकांना भुरळ घातली, ती उगाच नव्हे.

आणि आधी आलेली प्लॅस्टिकची पिशवी टाकून द्यायची नव्हतीच. रंगीत वायरी विणून केलेली ती पिशवी अनेकांना आठवत असेल. ती दहा-दहा वर्षं टिकायची आणि कडी तुटली तर पुन्हा विणली जायची. पातळ, बंदांची, एकसंध पिशवी निघाली स्वीडनमध्ये. स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्यानं ती रचली आणि 1965 साली तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. पण तिचा कच्चा माल आपल्यापासून फार लांब नव्हता. 1968 च्या सुमारास पारसिकच्या डोंगरापलीकडे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, नोसिल कंपनीचा कारखाना नाफ्त्यापासून इथिलीन काढू लागला. त्यापासून पॉलिथिलीन बनवणारा पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा कारखाना शेजारीच होता. सुरुवातीला या मालाच्या बादल्या, डबे, पाइप होत. पिशव्यांचा पूर आला तो पुढे, देशात पॉलिथिलीनचं उत्पादन वाढलं तेव्हा. ऐंशीच्या दशकात दुधाच्या बाटलीची जागाही पिशवीनं घेतली.

आता डोंबिवलीची गोष्ट. 1964 साली इथं औद्योगिक वसाहत आली, 1983 साली महापालिका आली; पण गाव वाढलं ते लोकल गाडीच्या जोरावर. गिरगाव-दादरची जागा परवडेना म्हणून मध्यमवर्ग इथं आला आणि नोकरीसाठी रोज उलटा मुंबईला जाऊ लागला. नवराही आणि बायकोही. सकाळी सातच्या गाडीला निघालेली बाई रात्री स्टेशनात उतरते आणि जिना उतरताच भाजीवाले बसलेले असतात. तिनं सकाळी पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि पास कोंबलेला असतो. मेथीच्या जुडीसाठी वेगळी पिशवी? ती घरी खुंटीवर राहिली. पूर्वी बाजारात जायचं म्हणून माणूस पिशवी घेऊन घरातून निघत असे. इथं बाजार परतीच्या वाटेवर आला. ही उणीव पातळ पिशवीनं फुकट भरून काढली. मग निवडलेली, चिरलेली भाजीही पिशवीतून आली आणि पोळी-भाजी केंद्रातली आमटीसुद्धा गाठ मारलेल्या पिशवीतून घरी जाऊ लागली. यात त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिचा वाचलेला अर्धा तास खरा होता.

सरकारनं मात्र या मोकळ्या हाताकडे पाहिलंच नाही. त्यानं पिशवीची जाडी मोजली. 1999 साली केंद्राचा नियम आला : पिशवी 20 मायक्रॉनहून पातळ नको. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली, इकडे उल्हास आणि वालधुनीच्या पुरानं कल्याण-बदलापूर बुडालं. तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला आणि राज्यानं बंदी जाहीर केली. पण 2006 च्या नियमांत ती 50 मायक्रॉनच्या मर्यादेवर येऊन थांबली. पुढे केंद्राची मर्यादा 2021 मध्ये 75 आणि 2022 च्या अखेरीस 120 मायक्रॉन झाली.

या आकड्यांमागे हिशेब आहे, आणि तो कचरा वेचणाऱ्या बाईचा आहे. आठ इंच बाय बारा इंचांची, 20 मायक्रॉनची पिशवी भरते जेमतेम सव्वादोन ग्रॅम. किलोभर माल व्हायला साडेचारशेच्या आसपास पिशव्या वेचाव्या लागतात. कोण वाकणार? पिशवी 50 मायक्रॉनची असेल तर पावणेदोनशे पुरतात आणि 120 मायक्रॉनची असेल तर सत्तर-पंचाहत्तर. जाड पिशवी महाग पडेल म्हणून दुकानदार ती जपून देईल आणि भंगारात किंमत येईल म्हणून कुणीतरी उचलेल, असा तो विचार. विचार चुकीचा नाही. पण जाडी मोजायचं यंत्र ना भाजीवाल्याकडे असतं ना गिऱ्हाइकाकडे. आयर्लंडनं 2002 साली दुसरी वाट धरली. पिशवीमागे 15 सेंट आकारले, तेही गिऱ्हाइकाकडूनच. खप नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आला. हातात पिशवी नसण्याची किंमत तिथं जागच्या जागी मोजावी लागली.

आपल्याकडे किंमत मोजली ती आधारवाडीनं. कल्याणच्या या क्षेपणभूमीवर दोन्ही शहरांचा कचरा वर्षानुवर्षं पडत राहिला, ओला-सुका एकत्र. त्यातला बराचसा पिशवीत गाठ मारून टाकलेला. खरकटं पिशवीत कोंडलं की त्याचं खत होत नाही आणि खरकट्यानं माखलेली पिशवी भंगारवाला घेत नाही. एका गाठीनं दोन्ही वाया. कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून 2015 साली मुंबई उच्च न्यायालयानं महापालिका हद्दीत नव्या बांधकामांनाच स्थगिती दिली, ती वर्षभर टिकली. मार्च 2018 मध्ये आधारवाडीला लागलेली आग काही दिवस धुमसत होती. कल्याणकर खिडक्या लावून घरात बसले.

त्याच महिन्यात, 23 मार्चला, राज्याची प्लॅस्टिकबंदी आली. पहिला दंड 5 हजार, दुसरा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तुरुंगवासही. जूनअखेरीस अंमलबजावणी सुरू झाली आणि काही आठवडे गाव बदलल्यासारखं वाटलं. कपाटातल्या, लग्नांत मिळालेल्या कापडी पिशव्या बाहेर निघाल्या. मग किराणा बांधायला सवलत मिळाली आणि कापडासारखी दिसणारी, पण प्लॅस्टिकच्याच धाग्यांची पिशवी बाजारात आली. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्याला 5 हजारांचा दंड, हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता.

कचऱ्याच्या बाजूनं मात्र काही घडलं. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी असताना कचरा वेगळा करण्याचं काम नावारूपाला आणणारे रामदास कोकरे इथं उपायुक्त म्हणून आले. मे 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, शून्य कचरा मोहीम सुरू झाली आणि मे 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं. डोंबिवलीच्या ऊर्जा फाउंडेशनच्या महिलांनी त्याआधीपासूनच घराघरांतलं धुतलेलं, कोरडं प्लॅस्टिक गोळा करायला सुरुवात केली होती. दुधाची पिशवी कापून, धुऊन, स्वयंपाकघरात चिमट्यानं वाळत घातलेली दिसली की मला आरेची बाटली आठवते.

स्टेशनबाहेरचे भाजीवाले अजून तिथंच बसतात. तराजूत भेंडी टाकण्याआधी विचारतात, "पिशवी आहे ना ताई?" हो म्हटलं तर ठीक. नाही म्हटलं की इकडेतिकडे पाहून बुडाखालच्या गोणपाटाची कड उचलतात.