केसलापूरचे वारूळ आणि नवी सून

सातेरी म्हणजे वारूळ, हे आपल्या गोव्यात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. कितीतरी गावांत मूर्ती आली ती मागाहून. आधी होती ती रोयण. काही देवळांत ती अजून गर्भकुडीत आहे, मुखवटा चढवलेली, साडी नेसवलेली. हेच वारूळ तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्ली मंडळात केसलापूर नावाच्या गावीही देव होऊन बसले आहे. (मंडळ म्हणजे आपला तालुका समजा.) तिथे त्याचे नाव नागोबा, आणि तो राजगोंडांतल्या मेश्राम कुळाचा देव.

नागोबाची जत्रा पौष अमावास्येला. त्याआधी कुळातली माणसे अनवाणी निघतात, जन्नारम मंडळातल्या हस्तिनमडुगू या डोहावरून गोदावरीचे पाणी कलशात घेतात आणि तसेच चालत परततात. परतल्यावर काही दिवस मुक्काम गावच्या वडाखाली. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांची. कुळाच्या लेकी आणि जावई पाणी-माती आणून वारूळ नव्याने लिंपतात. मग अमावास्येच्या रात्री महापूजा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ते पूजेनंतरचे, म्हणजे 'भेटिंग'. वर्षभरात कुळात लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, वडीलधाऱ्या बायकांच्या मागून देवासमोर जातात. तिथे त्यांची नागोबाशी ओळख करून दिली जाते. लग्न झाले, घरात आली, चूल सांभाळू लागली, तरी ही भेट होईपर्यंत तिला कुळाच्या देवकार्यात भाग नाही. भेटीनंतरच ती खरी मेश्राम. शब्द बघा, भेट! आपला मराठीच शब्द. आपणही नव्या सुनेला कुळदेवाच्या पायां पडायला नेतोच, पण ते बहुतेक दोन तासांत आटोपते आणि जेवायला घरी. तिथे मात्र लग्न कधीही झालेले असो, वाट पाहायची ती पौषाची. माणसाचे बदलणे ऋतूला बांधून टाकले आहे.

दिवाळीतल्या दंडारीचेही तसेच. मोरपिसांचा मोठा टोप घालून, अंगाला राख फासून जो नाचतो तो गुस्साडी. ते दिवस सरेपर्यंत तो आंघोळ करत नाही, आणि तेवढ्या काळात तो घरचा कुणी नसतो, देवाचे रूप असतो. साळच्या गड्यांची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मार्लावाईच्या कनकराजूंना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते गेले.

युरोपात विसाव्या शतकात काही लोकांनी ख्रिस्तपूर्व धर्म पुन्हा उभा करायला घेतला. ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनरचे पुस्तक १९५४ चे. वर्षाला आठ सणांचे जे चक्र हे लोक पाळतात, तेही साधारण त्याच सुमारास जुळवलेले. आइसलँडने तर १९७३ मध्ये तिथल्या अशा पंथाला मान्यताही दिली. त्यांना जे पुस्तके चाळून जमवावे लागले, ते केसलापूरला मोडलेच नव्हते. मोडले नव्हते म्हणजे गोठलेही नव्हते. नागोबाचे नवे दगडी देऊळ कुळाने स्वतः पैसे जमवून बांधले, २०२२ मध्ये.

आणि इतिहास म्हणाल तर तो या जत्रेत घुसलेलाच आहे. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी उठलेला कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचे प्रश्न समजून घ्यायला ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना नेमले. ते मार्लावाईला राहिले. त्याच दशकात नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला: गोंड एरवी तिथे जमतातच, तर अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन गाऱ्हाणी ऐकावीत. अर्जदाराला खिडकी-खिडकी फिरवायचे सोडून साहेबानेच जत्रेला जावे! नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला ही कल्पना अजूनही धाडसी वाटते. दरबार आजही भरतो.

पण गाऱ्हाणी काही संपली नाहीत. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर गिरिजन रयतू कुली संघमची सभा ठरली होती, परवानगी नाकारली गेली होती, तरी माणसे आली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. तिथले लोक याहून कितीतरी मोठा सांगतात. पुढे स्मृतिस्तंभ उभा राहिला, तो पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. अनेक वर्षे त्या तारखेला तिथे जमावबंदी असे. पौष अमावास्या, दिवाळी, होळी या तिथींच्या रांगेत एक इंग्रजी तारीख अशी येऊन बसली.

महाराष्ट्राच्या बाजूला गोंडांच्या जुन्या श्रद्धेला 'कोया पुनेम' या नावाने मांडणाऱ्यांत नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे मोठे नाव. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. जनगणनेत धर्माचा वेगळा रकाना हवा, ही मागणी त्याच जाणिवेतून आलेली. रकान्याचे महत्त्व आम्हा कारकुनांना नेमके ठाऊक असते. ज्याला रकाना नाही तो 'इतर'मध्ये जातो, आणि 'इतर' कुणी वाचत नाही. पोर्तुगीज दप्तरांत आपणही एका शब्दात 'जेंतिउ' होतो. सातेरीवाला कोण नि मंगेशीवाला कोण, याची नोंद त्या शब्दात कुठली असणार?

शेवटी, मराठी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. मेश्रामांची आणि इतर कुळांची उत्पत्तिकथा सांगतात ते परधान. वाद्य वाजवत ते गोंडीत गातात, पूर्वजांची नावे क्रमाने घेतात, देवाला जागे करतात. पण आदिलाबादच्या या परधानांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे. गाणे संपवून घरी आल्यावर ते पोराबाळांशी बोलतात ते मराठीत.