ॲस्टोरियाची लाकूडगिरणी आणि तेथील हिंदी कामकरी

गदर पक्षाच्या इतिहासाचे लेखन बहुधा दोन स्थळांभोवती फिरते. एक, सॅन फ्रान्सिस्को येथील ‘युगांतर आश्रम’ व तेथील छापखाना. दुसरे, लाहोरचा तुरुंग, जेथे १९१५ साली या पक्षाच्या अनेकांना फाशी देण्यात आले. पहिल्या स्थळी संपादक व लेखक दिसतात, दुसऱ्या स्थळी हुतात्मे. ज्यांच्या वर्गणीवर तो छापखाना चालला आणि ज्यांच्यातून हुतात्मे निघाले, तो लाकूडकामगारांचा वर्ग मात्र दोन्ही चित्रांत मागेच राहतो. वस्तुतः या चळवळीला संघटनेचे रूप प्रथम लाभले ते ओरेगन राज्यातील ॲस्टोरिया या लहानशा बंदरगावी. त्या गावच्या रोजच्या जीवनाचा विचार केल्यावाचून या संघटनेचे स्वरूप नीट उलगडत नाही, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

ॲस्टोरिया हे कोलंबिया नदीच्या मुखाशी वसले आहे. १८११ साली जॉन जेकब ॲस्टर याच्या कंपनीने फरच्या व्यापारासाठी येथे ठाणे उभारले व त्याचेच नाव गावाला मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाव नदीतील सॅमन माशावर जगू लागले. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत चिनी मजूर आणि होड्यांवर बव्हंशी फिनलंड व स्कँडिनेव्हियातून आलेले कोळी, अशी श्रमाची विभागणी होती. १८९८ साली ए. बी. हॅमंड या उद्योजकाने बांधलेला लोहमार्ग गावास पोर्टलंडशी जोडता झाला. पुढे त्याच्याच कंपनीची मोठी लाकूडगिरणी गावाच्या पूर्व टोकाला, नदीकाठी चालू लागली. १९१० च्या सुमारास सगळ्या गावाची वस्ती दहा हजारांच्या आतबाहेर होती. अशा गावात गिरणीचा भोंगा हेच घड्याळ असते.

फर, स्प्रूस आणि हेमलॉक या वृक्षांचे प्रचंड ओंडके तराफे बांधून पाण्यातून आणले जात, पाण्यातच साठविले जात आणि साखळीने वर ओढून करवतीखाली घातले जात. चिरलेल्या फळ्या सरकत्या साखळीवरून बाहेर पडत. तेथे उभे राहून त्या लांबी-जाडीप्रमाणे निवडणे, ओढून काढणे, त्यांच्या थप्प्या रचणे व जहाजात चढविणे ही केवळ अंगमेहनतीची कामे होत. करवतीजवळची कुशल व अधिक वेतनाची कामे सामान्यतः गोऱ्यांकडे असत; हिंदी मजुरांच्या वाट्यास बहुधा ही वखारीतील कामे येत. त्या काळी या किनाऱ्यावरील गिरण्यांत दहा तासांचा दिवस हा नियम होता. ॲस्टोरियातील दीर्घ पावसाळा आणि ओल्या लाकडाचे वजन ध्यानात घेतले, म्हणजे हे दहा तास कसे जात असतील याची कल्पना येते.

हे मजूर मुख्यतः पंजाबातील शेतकरी घराण्यांतले होते. काहींनी ब्रिटिश सैन्यात चाकरीही केली होती. त्यांत शीख बहुसंख्य होते, तरी अमेरिकन लोक सर्वांस सरसकट ‘हिंदू’ म्हणत. गिरणीलगतच्या बराकींत ते एकत्र राहत. अन्न एकत्र शिजे आणि खर्चाची वाटणी होई. ज्याला इंग्रजी येई तो मुकादमाशी बोले, इतरांची पत्रे लिही, पैसे गावी धाडण्याची व्यवस्था करी. सुटीच्या दिवशी कुस्तीचे फड होत आणि हिंदी मल्लांच्या कुस्त्या पाहावयास गावकरीही जमत. कर्तार धिल्लन या लेखिकेचे बालपण याच गावी गेले. त्यांच्या आठवणींमुळे गिरणीकामगाराच्या एका हिंदी कुटुंबाचे घरही आपल्यास आतून पाहता येते.

येथे शेजारच्या गावांशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम हेही असेच लाकडाच्या गिरण्यांचे बंदरगाव. ४ सप्टेंबर १९०७ रोजी तेथील गोऱ्या कामगारांच्या शेकडोंच्या जमावाने हिंदी मजुरांच्या राहत्या जागांवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत एकूण एक हिंदी मनुष्य ते गाव सोडून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एव्हरेट येथे तोच प्रकार घडला. पोर्टलंडनजीकच्या सेंट जॉन्स येथे मार्च १९१० मध्ये दंगल झाली. तेथे मात्र काही आरोपींवर खटले चालले. ॲस्टोरियात अशी हकालपट्टी झाली नाही. याचे श्रेय केवळ गावकऱ्यांच्या औदार्यास देणे सयुक्तिक होणार नाही. एकाच मोठ्या गिरणीला मजुरांची गरज होती, हे एक कारण संभवते. दुसरे असे की, गावातील फिनिश वस्तीत समाजवादी विचार रुजलेला होता. ‘तोवेरी’ हे त्यांचे पत्र १९०७ पासून येथूनच निघत असे आणि त्यांचे स्वतःचे सभागृहही होते. जोहाना ऑग्डेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ओरेगनमधील या तुलनेने स्थिर जीवनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. जेथून रोज पळावे लागते तेथे संघटना उभी राहत नाही. तीस मुक्कामाची जागा लागते.

१९१३ च्या पूर्वार्धात ॲस्टोरिया येथे हिंदी मजुरांची सभा भरून ‘हिंदी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट’ची स्थापना झाली. सोहनसिंग भकना हे अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस आणि पंडित काशीराम कोषाध्यक्ष झाले. भकना स्वतः गिरणीकामगार होते. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यावी, संघटनेत धर्मविषयक वादास स्थान असू नये, अशी तत्त्वे स्वीकारण्यात आली. केवळ विचारप्रणालीच्या दृष्टीने पाहिले तर ही तत्त्वे हरदयाळांसारख्या विद्वानाची देणगी वाटतील. पण बराकीतील सामाईक स्वयंपाक, खर्चाची वाटणी आणि निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एकाच थप्पीवर केलेले काम लक्षात घेता, ही रीत त्या मजुरांच्या अंगवळणी आधीच पडलेली होती असे म्हणावे लागते. हरदयाळांनी तिला राजकीय उद्दिष्ट आणि भाषा दिली. १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’चा पहिला अंक निघाला.

महाराष्ट्रीय वाचकास या प्रदेशाची ओळख पांडुरंग खानखोजे व विष्णू गणेश पिंगळे यांच्या चरित्रांतून झालेली असते. खानखोजे ओरेगनमधील कॉर्व्हॅलिस येथे शेतकीचे शिक्षण घेत होते. पिंगळे सिॲटल येथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा लाहोरला एकाच दिवशी फासावर गेले. विद्यार्थी आणि मजूर यांचा हा संयोग गिरण्यांच्या या मुलखातच जुळून आला, हे आपल्याकडील चरित्रांतून पुरेसे ठसत नाही.

१९१४ च्या महायुद्धारंभी अनेक मजूर हिंदुस्थानात परतले. १९१७ च्या कायद्याने नव्यांना दार बंद झाले. ११ सप्टेंबर १९२२ रोजी हॅमंडची गिरणी जळाली व पुन्हा उभारली गेली नाही; त्याच वर्षी ८ डिसेंबरला गावाचा मध्यभागही आगीत भस्मसात झाला. काम गेल्यावर हिंदी वस्ती विखुरली. याच गिरणीत राबलेल्या भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा हक्क १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. २०१३ साली शताब्दीच्या निमित्ताने ॲस्टोरिया नगराने त्या सभेचे स्मरण केले, तेव्हा गावकऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या इतिहासातील हे पान अपरिचितच होते.

तात्पर्य, जंगी आगीने गिरणी जावी आणि स्थलांतराने स्मृती जावी, हे अशा गावांच्या वाट्यास नेहमीच येते. म्हणून अभ्यासकाने जाहीरनाम्यांबरोबर खानेसुमारीचे तक्ते, स्थानिक वृत्तपत्रांतील बारीकसारीक बातम्या आणि कुस्तीच्या जाहिरातीही वाचावयास हव्यात. ज्यांनी दिवसभर फळ्या ओढल्या आणि मजुरीतून महिन्याची वर्गणी बाजूस काढली, त्यांना चळवळीचे केवळ अनुयायी समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तिची घडण त्यांच्याच हातची होती.