व्यावसायिक नामोत्तर अक्षरे

व्यावसायिक नामोत्तर अक्षरे म्हणजे एखाद्या व्यावसायिक संस्थेचे किंवा विद्वत्सभेचे सदस्यत्व दर्शविण्यासाठी व्यक्तीच्या नावानंतर लिहिली जाणारी आद्याक्षरे होत. विद्यापीठाची पदवी एकदा मिळाली की साधारणपणे कायम राहते. सदस्यत्वाची अक्षरे मात्र सहसा सदस्यत्व चालू असेपर्यंतच वापरता येतात. त्यांचे मोल प्रवेशाच्या अटी, संस्थेची शिस्त आणि कायद्याची मान्यता यांवर अवलंबून असते.

इतिहास

लंडन येथे १६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचे फेलो आपल्या नावानंतर ‘एफ.आर.एस.’ ही अक्षरे लावतात. हा बहुमान परीक्षेने नव्हे, तर विद्यमान फेलोंनी केलेल्या निवडीने मिळतो. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे १८४१ साली निवडले गेलेले पहिले भारतीय फेलो होत. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांची निवड १९१८ साली झाली. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेला १८४३ साली मिळालेल्या राजसनदेने सदस्यांहून वरची फेलोची श्रेणी निर्माण केली, ‘एफ.आर.सी.एस.’ ही अक्षरे त्या श्रेणीची आहेत.

श्रेणी

अनेक संस्थांत सहसदस्य, सदस्य आणि फेलो अशा चढत्या श्रेणी असतात. फेलो ही श्रेणी काही ठिकाणी परीक्षेने, काही ठिकाणी अनुभवाने, तर काही ठिकाणी निवडीने मिळते. त्यामुळे ‘एफ’ या आद्याक्षराचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ नुसार भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे सदस्य सहसदस्य (ए.सी.ए.) आणि फेलो (एफ.सी.ए.) अशा दोन वर्गांत विभागले जातात. भारतात सलग पाच वर्षे व्यवसाय केलेला सहसदस्य विहित शुल्क भरून फेलो होऊ शकतो. सदस्य नसताना ही अक्षरे वापरणे हा गुन्हा आहे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास सदस्याचे नाव नोंदपटावरून काढता येते आणि त्याबरोबर अक्षरे वापरण्याचा अधिकारही संपतो.

वैद्यकीय व्यवसायात २००२ च्या आचारविषयक विनियमांनी डॉक्टरांच्या नावानंतर केवळ मान्यताप्राप्त पदव्या, तसेच व्यावसायिक ज्ञान देणारी किंवा विशेष कामगिरीची दखल घेणारी प्रमाणपत्रे, सदस्यत्वे व सन्मान लिहिण्याची मुभा दिली. राष्ट्रीय नागरी सन्मानांची बाब वेगळी आहे. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे सन्मान वैध ठरविले. मात्र ‘पद्मश्री’सारखे सन्मान नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत, असेही स्पष्ट केले.

ए.एम.आय.ई.चे उदाहरण

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. तिच्या परीक्षेचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही विभाग उत्तीर्ण होणाऱ्यास ‘ए.एम.आय.ई.’ ही अक्षरे लावता येत. केंद्र सरकारने नोकरीसाठी ही अर्हता अभियांत्रिकी पदवीशी समकक्ष मानली होती. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या पदविकाधारकांना महाविद्यालयात न जाता बढतीची वाट मिळाली. पुढे ही समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित करण्यात आली. परिणामी, अक्षरे तीच असली तरी नोंदणीच्या तारखेनुसार त्यांचे नोकरीतील मूल्य बदलले.

मर्यादा

काही संस्था केवळ वर्गणी घेऊन सदस्यत्व देतात. अशा संस्थेची अक्षरे सदस्याची आस्था किंवा संपर्क दाखवितात. कौशल्याची परीक्षा झाल्याचे ती सिद्ध करीत नाहीत. सर्वसामान्य वाचकाला मात्र दोन्ही प्रकारची अक्षरे सारखीच दिसतात. म्हणून संस्था कोणती, प्रवेशासाठी परीक्षा होती काय आणि त्या व्यक्तीचे नाव सध्याच्या नोंदपटावर आहे काय, हे पडताळणे आवश्यक ठरते.