दुकाने उघडावीत की बंद ठेवावीत? जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांचा धडा

करोनाच्या साथीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बाजारपेठा दोन वेळा दीर्घकाळ बंद राहिल्या. आरोग्य आधी की रोजीरोटी आधी, या स्वरूपात तेव्हा वाद झाला. पण दुकाने बंद करताना कोणता निकष लावला, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढील साथीपूर्वीच शोधावे लागेल.

सन २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला. त्याच दिवशी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पुढील वर्षी पाडवा १३ एप्रिल रोजी आला. तेव्हा राज्यातील अत्यावश्यक वस्तूंव्यतिरिक्त इतर सर्व दुकाने ५ एप्रिलपासूनच बंद होती आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून निर्बंध अधिक कडक झाले. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा, घोडेगाव किंवा जुन्नर येथील कापड, भांडी आणि सराफी दुकानदारांच्या दृष्टीने या दोन तारखांचा अर्थ स्पष्ट होता. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि पुढे मे महिनाअखेरपर्यंत लग्नसराई चालते. लग्नाचा बस्ता, रुखवताची भांडी, मानपानाचे कपडे यांची खरेदी याच काळात होते. त्यासाठीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्येच भरलेला असतो, बहुधा उधारीवर. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा ज्या आठ-दहा आठवड्यांत येतो, तेच आठवडे सलग दोन वर्षे हातचे गेले.

दोन तालुके, एक बाजारव्यवस्था

सन २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तर आंबेगावची सुमारे दोन लाख ३५ हजार आहे. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, कळंब, नारायणगाव आणि आळेफाटा या गावांना जोडतो. माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहमदनगर मार्ग ओतूरवरून आळेफाट्याला येऊन मिळतो. नारायणगावचा टोमॅटो, आळेफाट्याचा कांदा, मंचरची तरकारी आणि बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार यांवर या भागाचे अर्थकारण उभे आहे. पश्चिमेकडे भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगरपट्ट्यात आदिवासी वस्ती आहे. तेथील कुटुंबे हिरड्यासारखे वनोपज विकून आलेल्या पैशांतून मीठमिरची, तेल, कपडालत्ता घेतात, तो प्रामुख्याने आठवडे बाजारातच.

या भागाचा मुंबईशी असलेला संबंधही ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईतील डबेवाल्यांपैकी अनेकांची गावे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ तालुक्यांत आहेत. भाजीपाल्याची वाहने रोज मुंबईला जातात. त्यामुळे बाजारपेठ बंद केली तरी संसर्गाची वाट पूर्णपणे बंद होत नव्हती, आणि खुली ठेवली तर ती वाट थेट दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचत होती.

आदेशांचा क्रम

पहिल्या टाळेबंदीत किराणा, दूध, भाजीपाला व औषधांच्या दुकानांना परवानगी होती. बाजार समित्या तसेच बियाणे, खते व कीटकनाशकांच्या दुकानांना २७ मार्च २०२० रोजी सूट मिळाली. शेतीची अवजारे, सुटे भाग व दुरुस्तीची दुकाने तसेच महामार्गावरील मालमोटारींची दुरुस्ती यांचा समावेश ३ एप्रिलला झाला. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची आणि विजेच्या पंख्यांची दुकाने २१ एप्रिलला यादीत आली. हा क्रमच बोलका आहे. विहिरीवरची मोटार जळली तर तिचे वायंडिंग करणारा कारागीर हा पेरणीइतकाच आवश्यक असतो, हे कागदावर यायला दहा दिवस लागले.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २४ एप्रिलला महत्त्वाची सवलत दिली. महापालिका व नगरपालिका हद्दींबाहेरील नोंदणीकृत दुकाने निम्म्या कर्मचाऱ्यांसह उघडता येतील, हद्दीच्या आत मात्र केवळ एकटी किंवा वस्तीतील दुकाने उघडतील, असे त्यात म्हटले होते. मेच्या प्रारंभी राज्य सरकारने नागरी भागात एका गल्लीत पाचपेक्षा अधिक बिगर-अत्यावश्यक दुकाने नकोत, अशी अट घातली. पुढे १९ मेच्या आदेशाने निवडक महापालिका क्षेत्रेच लाल विभागात ठेवून उर्वरित राज्यात २२ मेपासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत दुकाने खुली केली. गर्दी दिसल्यास बाजारपेठ तत्काळ बंद करावी, असेही त्यात नमूद होते. आठवडे बाजारांना मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावे लागले.

दुसऱ्या लाटेत चित्र पालटले. एप्रिल २०२१ मध्ये अत्यावश्यक वगळता सर्व दुकाने बंद झाली. २० एप्रिलपासून किराणा व भाजीपाल्याची दुकानेही सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ उघडी राहिली. ७ जूनपासून बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर यांवर आधारित पाच स्तर आले. तिसऱ्या स्तरात बिगर-अत्यावश्यक दुकाने सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत उघडता येत होती. चौथ्या स्तरात ती बंदच ठेवावी लागत. ऑगस्टच्या आरंभी राज्यातील २५ जिल्ह्यांना सवलत मिळाली, पण पुण्यासह ११ जिल्हे तिसऱ्या स्तरावरच राहिले. अखेर १५ ऑगस्टपासून, कर्मचाऱ्यांचे लसीकरण पूर्ण झाले असल्याच्या अटीवर, रात्री दहापर्यंत दुकाने उघडण्यास परवानगी मिळाली.

शहर कोणते, गाव कोणते?

या आदेशांतील पहिला दोष सीमारेषेचा होता. जुन्नरला नगरपालिका आहे, म्हणून ते नागरी क्षेत्र ठरले. नारायणगाव, आळेफाटा व ओतूर येथे ग्रामपंचायती. मंचरही त्या वेळी ग्रामपंचायतच होती. म्हणजे आदेशाच्या भाषेत ही सारी ग्रामीण गावे. प्रत्यक्षात महामार्गावरील या बाजारपेठांत आसपासच्या पंचक्रोशीतून येणारी गर्दी जुन्नर शहराच्या पेठांपेक्षा कमी नसते. कागदावरील शहर आणि प्रत्यक्षातील गर्दी यांचा मेळ बसत नव्हता.

दुसरा दोष नोंदणीचा. केंद्राच्या आदेशात दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेली दुकाने असा उल्लेख होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मात्र त्या वेळी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी करावी लागत नव्हती, केवळ सूचना द्यावी लागत होती. मुलगा आणि एक गडी यांच्या साह्याने चालणारे बहुतेक सर्व दुकानदार याच वर्गातील. दिल्लीत लिहिलेला शब्द आणि जुन्नरच्या पेठेतील गुमास्ता परवाना यांत असे अंतर होते.

तिसरा दोष मोजमापाच्या एककाचा. पाच स्तरांच्या योजनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका स्वतंत्र घटक मानल्या गेल्या. पुणे व पिंपरी-चिंचवड वेगळे झाल्यावर जिल्ह्याच्या उरलेल्या तालुक्यांचा एकच घटक झाला. महानगराला खेटून असलेल्या हवेली-मुळशीतील गावे आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या एकाच सरासरीत मोजल्या गेल्या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतील किराणा दुकानाची वेळ शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशाच्या टक्केवारीवर ठरत होती.

बंद ठेवण्याची बाजू

असे असले तरी बंदचे समर्थन करणाऱ्यांची बाजू लंगडी नव्हती. दुसऱ्या लाटेत या भागातील रुग्णव्यवस्थेवर असह्य ताण आला. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय अपुरे पडले, लेण्याद्री व अवसरी येथे उपचार केंद्रे उभारावी लागली. प्राणवायूची खाट मिळवण्यासाठी मंचरहून पुण्यापर्यंतचा सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास काही रुग्णांना झेपणारा नव्हता. रुग्णालयाची क्षमता संपली की प्रत्येक नवा रुग्ण हा केवळ एक आकडा राहत नाही. अशा वेळी संपर्क तोडणे हाच हाती असलेला सर्वांत जलद उपाय ठरतो. लस तेव्हा बहुसंख्य तरुणांना मिळालेली नव्हती. दुकानदार स्वतःही दिवसभरात असंख्य लोकांच्या संपर्कात येत होता आणि संध्याकाळी घरातील वृद्धांकडे परतत होता. म्हणूनच अनेक गावांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता स्वतःहून जनता कर्फ्यू पाळला, आणि त्या निर्णयांत व्यापारीही सहभागी होते.

शेजारचा अनुभवही सावधतेचा होता. जुन्नर-आंबेगावला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात राज्य खुले होत असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी करावी लागली. संगमनेर तालुक्यातील गावांची संख्या त्यांत लक्षणीय होती. विशेष म्हणजे तेथे संपूर्ण जिल्हा न कोंडता, सक्रिय रुग्णसंख्या पाहून गाव हा घटक धरण्यात आला.

उघडण्याची बाजू

व्यापाऱ्यांचा आक्षेप प्रामुख्याने भेदभावावर होता. किराण्याच्या दुकानात रांग चालते, मग दोन गिऱ्हाइके असलेल्या चप्पल-दुकानात धोका कसा, हा त्यांचा सवाल होता. एप्रिल २०२१ मध्ये पुणे-मुंबईसह ठिकठिकाणी झालेल्या निदर्शनांतून तोच उमटला. त्यात तथ्य होते. साथीतील मोठे उद्रेक कित्येकदा अत्यावश्यक म्हणून खुल्या असलेल्या ठिकाणी झाले. चेन्नईचा कोयंबेडू घाऊक बाजार मे २०२० मध्ये संसर्गाचे केंद्र बनला. नवी मुंबईची वाशी बाजार समिती ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावी लागली. विषाणूला अत्यावश्यक आणि अनावश्यक हा भेद कळत नाही. बंदिस्त जागा, दाटी आणि सहवासाचा कालावधी यांवर त्याचा प्रसार अवलंबून असतो.

वेळ कमी केल्याने धोका कमी होतो, ही समजूतही तपासून पाहावी लागेल. जे गिऱ्हाईक दिवसभरात विखुरले असते, ते चार तासांत एकवटले. मे २०२० मध्ये मद्याची दुकाने उघडताच लागलेल्या रांगा याच कारणाने लागल्या होत्या. दुकानांच्या आकाराचा निकषही निर्दोष नाही. जर्मनीने २० एप्रिल २०२० पासून ८०० चौरस मीटरपर्यंतची दुकाने उघडू दिली, पण बव्हेरियातील उच्च प्रशासकीय न्यायालयाने आठवडाभरातच ही विभागणी समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली.

शिवाय दुकान बंद म्हणजे केवळ दुकानदाराचे उत्पन्न बंद, असे नाही. गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार, बँकेचे हप्ते आणि घाऊक व्यापाऱ्याची देणी चालूच राहतात. शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोचे पैसे आले तरी ते बाजारात फिरत नाहीत. सरकारने मदत केली ती प्रामुख्याने कर्जाच्या रूपाने. हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती मिळाली, पण व्याज थांबले नाही. फेरीवाल्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची योजना १ जून २०२० रोजी आली. किरकोळ व घाऊक व्यापाराला सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांत स्थान मिळाले, तेही अग्रक्रमाच्या कर्जापुरते, २ जुलै २०२१ रोजी. म्हणजे दुसरी लग्नसराई बुडाल्यानंतर. सार्वजनिक हितासाठी ज्याचे दुकान बंद केले, त्याच्यावर त्या हिताची किंमत कर्ज म्हणून चढली.

निकष कोणता असावा?

घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि जनहितार्थ वाजवी निर्बंधांची मुभाही ठेवली आहे. तेव्हा सरकारला अधिकार होता काय, हा वाद नाही. निर्बंध वाजवी होता काय, हा आहे. दोन्ही बाजू तपासल्यावर असे दिसते की रुग्णालये भरून वाहत असताना काही आठवड्यांचा कडक बंद समर्थनीय होता. मात्र तो ओसरल्यावर मालाच्या प्रकारावरून दुकाने उघडी वा बंद ठेवणे समर्थनीय नव्हते.

त्याऐवजी गर्दी हा निकष धरता आला असता. दुकानाच्या क्षेत्रफळानुसार एका वेळी आत घ्यावयाच्या गिऱ्हाइकांची संख्या, मोकळी हवा, मुखपट्टी, कमी नव्हे तर अधिक वेळ आणि लग्नाच्या बस्त्यासाठी आगाऊ वेळ ठरवून घेण्याची पद्धत, हे उपाय आळेफाट्यालाही शक्य होते. आठवडे बाजार एका चौकात भरवण्याऐवजी गावाबाहेरील मोकळ्या मैदानांत विभागता आला असता. बंदचा घटक जिल्हा न राहता बाजारगाव आणि त्याची पंचक्रोशी असायला हवा होता. कारण संसर्ग आणि व्यवहार दोन्ही त्याच वर्तुळात फिरतात. १९ मे २०२० च्या आदेशातील गर्दी दिसल्यास तत्काळ बंद, हे सूत्र या दिशेचे होते. दुसऱ्या लाटेत त्याचा विसर पडला.

आणि बंद अपरिहार्यच ठरला तर भरपाई हा त्याचाच भाग असला पाहिजे. बंदच्या काळापुरते वीजबिल, स्थानिक कर आणि व्याज यांत सूट देण्याची तरतूद आदेशासोबतच व्हायला हवी.

राज्यातील सर्व करोना निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी उठले आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. तिसऱ्या वर्षी बाजारपेठांत पुन्हा बस्ते बांधले गेले. परंतु ज्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन राज्याने हे निर्बंध घातले, तो १८९७ च्या प्लेगच्या साथीतला आहे. विधि आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८६ व्या अहवालात त्याच्या फेररचनेची शिफारस केली आहे. ती फेररचना करताना रुग्णालयातील खाटांइतकाच पेठेतील गाळ्यांचाही विचार व्हावा. पुढची साथ कोणत्या महिन्यात येईल हे सांगता येत नाही. लग्नसराई मात्र दरवर्षी पाडव्यालाच सुरू होते.